हवामानाच्या नोंदींचा सातबारा

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि काही तासांत तो आकडा देशभर पोहोचला. त्याच सुमारास दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली होती. भारतीय हवामानशास्त्र विभागाने तपासणी केली तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. नागपूरचा आकडाही संवेदकाच्या बिघाडाचा निघाला. तिथल्या नेहमीच्या वेधशाळेतले तापमान त्याहून बरेच खाली होते. पण खुलासा येईपर्यंत ‘५६’ हा आकडा लोकांच्या मनात बसला होता.

उघड्यावर, उन्हातान्हात आणि धुळीत चालणारी उपकरणे अधूनमधून बिघडणारच. या प्रसंगातला खरा दोष प्रसिद्धीच्या पद्धतीत होता. यंत्राकडून थेट आलेला, कोणीही न तपासलेला आकडा आणि निरीक्षकाने पाहून नोंदवलेला आकडा लोकांसमोर एकाच रूपात आले. हा आकडा कच्चा आहे, तो बदलू शकतो, हे सांगणारी कोणतीही खूण त्याच्यासोबत नव्हती.

गेल्या दोन दशकांत आपण हवामान मोजण्यावर बराच पैसा आणि कष्ट खर्च केले. मोजलेले लोकांपुढे कसे मांडायचे, याचा विचार मात्र मागे राहिला. आज पीकविमा, नुकसानभरपाई, धरणातला विसर्ग, शहरातला पूर आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा या सगळ्यांत केंद्रांचे आकडे थेट उतरतात. म्हणून नोंदी प्रसिद्ध करण्याची पद्धत हा संगणक विभागावर सोडून देण्याजोगा प्रश्न उरलेला नाही. या पद्धतीत आज काय आहे, काय कमी आहे आणि बदल कसा करावा, याचा हा आढावा.

तारेच्या संकेतापासून

कोलकात्यात १८६४ साली आलेले विनाशकारी चक्रीवादळ आणि त्यानंतर १८६६ व १८७१ मध्ये दगा देऊन गेलेला मोसमी पाऊस, या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. मुख्यालय कोलकात्याहून १९०५ मध्ये सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यात शिवाजीनगरची ‘सिमला ऑफिस’ ही इमारत त्या स्थलांतराची खूण आहे, आणि देशाच्या हवामान नोंदींचे राष्ट्रीय भांडार आजही पुण्यातच आहे. मुंबईतली कुलाबा वेधशाळा तर या विभागाहूनही जुनी. ती १८२६ मध्ये सुरू झाली.

त्या काळात नोंद प्रसिद्ध करणे म्हणजे ती तारेने पाठवणे आणि छापणे. तारेत शब्दागणिक पैसे मोजावे लागत, म्हणून निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत बसवली गेली. जगभर वापरलेल्या ‘सिनॉप’ संकेतात १०२८५ या गटाचा अर्थ तापमान २८.५ अंश असा होतो. पहिला १ म्हणजे तापमानाचा गट, पुढचे शून्य म्हणजे धन चिन्ह आणि उरलेले तीन अंक म्हणजे अंशाचे दशांश. केंद्राचे नावही पाच अंकी: कुलाबा ४३०५७, सांताक्रूझ ४३००३, पुणे ४३०६३. पद्धत काटकसरीची आणि मजबूत होती. मात्र केंद्र नेमके कुठे आहे, उपकरण कोणते, जमिनीपासून किती उंचीवर, हे संदेशात नसे. ते वेगळ्या पुस्तकात असे. वाचणाराही हवामानशास्त्रज्ञच असल्याने त्याचे अडत नसे.

आज वाचणारे बदलले आहेत. जळगावचा केळी उत्पादक, कोकणातला आंबा बागायतदार, महापालिकेच्या आपत्ती कक्षातला अभियंता, विमा कंपनीचा विश्लेषक आणि पदवीचा प्रकल्प करणारी विद्यार्थिनी, सगळे तोच आकडा पाहतात. वेगळे ठेवलेले पुस्तक यांच्यापैकी कोणाच्याही हाताशी नसते.

एक राज्य, अनेक जाळी

महाराष्ट्रात पाऊस मोजणारी यंत्रणा एक नाही. हवामान विभागाच्या वेधशाळा आणि स्वयंचलित केंद्रे आहेत. तहसीलच्या गावी पर्जन्यमापक आहेत. राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांच्या वेधशाळा आहेत. जलसंपदा विभाग धरणांच्या पाणलोटात स्वतः पाऊस मोजतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित केंद्रे बसवली. ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. आता केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेतून हे जाळे ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले आहे.

जाळे दाट असण्याची गरज त्या २६ जुलैनेच दाखवून दिली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७४. एका केंद्राच्या आकड्यावरून मुंबईची कल्पना करता येत नाही. पुण्यातही शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांचे आकडे एकाच संध्याकाळी वेगवेगळे असतात.

पण ही जाळी आपापल्या रीतीने प्रसिद्ध होतात. कुठे रोज बदलणारा तक्ता असतो आणि कालचा तक्ता आज सापडत नाही. कुठे पीडीएफ असते, तिच्यातले आकडे हाताने उतरवून घ्यावे लागतात. कुठे नकाशावर ठिपका दाबला की एकच आकडा दिसतो. एका तालुक्याचा दहा वर्षांचा पाऊस सलग मिळवायचा तर या साऱ्यांची जुळवाजुळव करावी लागते, आणि पहिली अडचण गावाच्या नावापाशीच येते. वडगाव, पिंपळगाव ही नावे राज्यात कितीतरी ठिकाणी आहेत, आणि इंग्रजी अक्षरांत ती दर यादीत वेगळी लिहिलेली असतात. जिल्हेही स्थिर राहत नाहीत. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावावर बांधलेली नोंदमालिका अशा प्रत्येक वेळी तुटते. नाव बदलले तरी न बदलणारा क्रमांक प्रत्येक केंद्राला असला पाहिजे आणि तो प्रत्येक नोंदीसोबत छापला गेला पाहिजे. जागतिक हवामान संघटनेने अशा क्रमांकाची रचना करून दिली आहे. कुलाब्याचा क्रमांक ०-२००००-०-४३०५७ असा लिहिला जातो. राज्याच्या, महापालिकेच्या आणि विद्यापीठांच्या केंद्रांनाही त्यात सामावून घेता येते.

आकडा कोणत्या दिवसाचा?

भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहायचा, ही जुनी आणि सुसंगत रीत आहे. जागतिक प्रमाणवेळेनुसार ही वेळ बरोबर ३ वाजताची. त्यामुळे २६ जुलै २००५ चे ते ९४४ मिलिमीटर अधिकृत नोंदमालेत २७ जुलैवर येतात. ज्याला ही रीत ठाऊक नाही, तो २६ तारखेचा आकडा काढतो आणि बुचकळ्यात पडतो.

यात भर पडते ती इतर घड्याळांची. उपग्रहाधारित पर्जन्यमाला बहुधा जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून दिवस धरतात. कृषी हवामान वेधशाळांत सकाळी ७ आणि दुपारी २ च्या निरीक्षणांना स्थानिक सरासरी वेळ लागते, आणि ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा वेगळी असते. स्वयंचलित केंद्र दर तासाला किंवा त्याहून लवकर नोंद पाठवते, आणि त्या नोंदींची बेरीज कोणी मध्यरात्रीपासून करतो, कोणी साडेआठपासून. चारही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र तक्त्यात नुसते ‘२७ जुलै’ लिहिले की त्यांतला फरक दिसेनासा होतो. मापनाचा काळ कुठून कुठपर्यंत होता, कोणत्या प्रमाणवेळेत, हे प्रत्येक ओळीत लिहायला दोन रकाने पुरतात. संशोधनातल्या कितीतरी चुका आणि भरपाईचे कितीतरी वाद त्या दोन रकान्यांनी टळतील.

शून्य, रिकामी जागा आणि शंकेची खूण

पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही अनेक तक्त्यांत दोन्हींसाठी शून्य असते, किंवा दोन्हींसाठी रेघ. मोजता येणार नाही इतका शिडकावा ही तिसरी अवस्था. जुन्या सिनॉप संकेतात तिला ९९० असा स्वतंत्र अंक होता. आजच्या चकचकीत तक्त्यांत ती बहुधा हरवते.

हवामान विभागाने देश चौकोनी जाळीत विभागून मांडलेला पाऊस १९०१ पासून आणि तापमान १९५१ पासून खुले केले आहे. हे मोठे काम आहे. पावसाची ही माला उभी करण्यासाठी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या, आणि देशभरचे विद्यार्थी व संशोधक आज तिच्यावर काम करतात. या मालांत नोंद नसलेल्या ठिकाणी पावसासाठी उणे ९९९ आणि तापमानासाठी ९९.९ अशी खूण वापरली आहे. उणे ९९९ मिलिमीटर पाऊस पाहून कोणीही थांबेल. पण ९९.९ तापमान घाईत काढलेल्या सरासरीत सहज शिरते आणि निष्कर्ष बिघडवते. खुणेचा अर्थ माहितीसोबतच, त्याच फाइलमध्ये असेल, तर ही चूक होणार नाही.

खूण फक्त रिकाम्या जागेला पुरत नाही. शंकास्पद आकड्यालाही ती हवी. अमेरिकेत सांभाळल्या जाणाऱ्या जगभरच्या दैनिक नोंदींच्या संग्रहात प्रत्येक आकड्याला तीन खुणा जोडलेल्या असतात: मापन कसे झाले, गुणवत्ता चाचणीत आकडा टिकला का, आणि तो कोणत्या स्रोतातून आला. चाचणीत नापास झालेला आकडा तिथे पुसून टाकत नाहीत. तो खुणेसह राहतो, आणि वापरणारा स्वतः ठरवतो. नागपूरच्या ५६ अंशांवर पहिल्या मिनिटाला ‘न तपासलेले’ आणि काही वेळाने ‘शेजारच्या केंद्रांशी विसंगत’ अशी खूण दिसली असती, तर बातम्या वेगळ्या लिहिल्या गेल्या असत्या. शेजारच्या केंद्रांशी तुलना, त्या जागेच्या आजवरच्या कमाल-किमानाशी तुलना, तासाभरात अशक्य वाटणारी उडी या तिन्ही चाचण्या संगणक काही क्षणांत करतो.

केंद्राचाही इतिहास असतो

आपल्याकडे जमिनीच्या नोंदीची एक भक्कम पद्धत आहे. सातबाऱ्यावर आज कोण मालक आहे ते दिसते, आणि ते कसे झाले हे गाव नमुना सहाच्या फेरफार नोंदीत सापडते. कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने. जुनी नोंद कंसात जाते, पण वाचता येते. हवामानाच्या नोंदीला नेमकी हीच शिस्त हवी आहे.

पर्जन्यमापक पूर्वी मोकळ्या मैदानात होता, आता शेजारी तीन मजली इमारत आहे. काचेच्या तापमापकाच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक आला. केंद्र तहसील कचेरीच्या आवारातून शाळेच्या गच्चीवर गेले. यातला प्रत्येक बदल आकड्यांत उडी आणतो. वीस वर्षांनी कोणी ती मालिका पाहील, तेव्हा हवामान बदलले की जागा बदलली, हे त्याला सांगणार कोण? हवामान बदलाच्या काळात हा प्रश्न फार गंभीर आहे. तापमानवाढीचे जे निष्कर्ष आपण काढतो, ते अंशाच्या दशांशावर उभे असतात.

म्हणून प्रत्येक केंद्राची माहिती नोंदींच्या शेजारीच असावी: अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, उपकरणाचा प्रकार, ते शेवटचे प्रमाणित केल्याची तारीख, भोवतालच्या जागेची छायाचित्रे आणि बदलांची तारीखवार यादी. आणि प्रसिद्ध झालेला आकडा पुढे दुरुस्त झाला, तर जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि कारण ही चारही दिसली पाहिजेत. दुरुस्ती लपवली की संशय वाढतो. मुंगेशपूरबाबत विभागाने तपास करून निष्कर्ष जाहीर केला, हे योग्यच झाले. हीच गोष्ट छोट्या दुरुस्त्यांसाठीही, कोणी विचारण्याआधी, नित्याची व्हायला हवी.

जग कुठे पोहोचले

जागतिक हवामान संघटनेने १९९५ च्या ठराव ४० ने हवामानाच्या मूलभूत नोंदींची विनामूल्य देवाणघेवाण मान्य केली. २०२१ च्या एकात्मिक धोरणाने तिची व्याप्ती वाढवली, आणि जमिनीवरच्या मूलभूत जाळ्यासाठी सुमारे २०० किलोमीटरच्या आत एक केंद्र व तासागणिक नोंद असे किमान प्रमाण ठरले. जुन्या अंकी संकेतांच्या जागी ‘बफर’ हे द्विमान (बायनरी) रूप आले. त्याच्या संदेशातच केंद्राचे स्थान आणि संवेदकाची उंचीही जाते. म्हणजे पूर्वी वेगळ्या पुस्तकात असलेली माहिती आकड्यासोबत प्रवास करू लागली. देशोदेशींच्या हवामान खात्यांना जोडणाऱ्या जुन्या दूरसंचार जाळ्याच्या जागीही २०२५ पासून नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने येत आहे. तिच्यात नवी नोंद आली की वर्गणीदारांना इंटरनेटवरून सूचना मिळते.

जर्मनीने २०१७ मध्ये कायदा बदलून आपल्या हवामान सेवेच्या नोंदी खुल्या केल्या. तिथल्या संग्रहात ‘ऐतिहासिक’ आणि ‘अलीकडच्या’ नोंदी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. पहिल्या पूर्ण तपासलेल्या, दुसऱ्यांची तपासणी चालू असलेली. प्रत्येक केंद्राच्या स्थलांतराची आणि उपकरण बदलाची यादीही सोबत मिळते. फ्रान्सने जानेवारी २०२४ पासून आपल्या नोंदी विनामूल्य केल्या. भारतातही २०१२ चे माहिती सामायिकरण धोरण आणि २०१७ चा खुल्या शासकीय माहितीचा परवाना आहे. तरीही केंद्रनिहाय जुन्या नोंदींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय भांडाराकडे मागणी नोंदवावी लागते. चौकोनी जाळीतली माला खुली आणि ती ज्या केंद्रांवर उभी आहे त्यांच्या नोंदी अर्जावर, ही विसंगती दूर व्हायला हवी.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

प्रसिद्धीची पद्धत कोणाच्या आयुष्यात सर्वांत खोल उतरते, हे पाहायचे तर शेतावर जावे लागते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की राज्यात अतिवृष्टी धरली जाते. हवामान आधारित फळपीक विम्यात तर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांचे ठरावीक टप्पे ओलांडले, की भरपाई संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरते. शेतावर येऊन कोणी पाहणी करत नाही. आंबा, काजू, संत्रा, द्राक्ष, डाळिंब आणि केळी यांच्या हजारो बागा केंद्रातल्या एका संवेदकावर अवलंबून असतात.

स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा एक छोटे दोलायमान पात्र असते. ते भरले की कलते, आणि प्रत्येक कलण्याला अर्धा मिलिमीटरसारखे ठरावीक माप नोंदते. पाऊस फार जोरात असेल, तर पात्र कलत असताना पडलेले पाणी निसटते आणि नोंद कमी येते. नरसाळ्यात पाने किंवा पक्ष्यांची घाण अडकली, तर पाणी साचून राहते आणि मुसळधार पावसात केंद्र शून्य दाखवते. काही तासांनी ते हळूहळू झिरपते, तेव्हा ऊन पडलेले असते आणि केंद्र पाऊस नोंदवत असते. अशा केंद्रावर ६३ मिलिमीटर नोंदले गेले आणि शेजारच्या गावात शेत वाहून गेले, तर शेतकऱ्याने काय दाखवायचे?

त्याला दिवसाची एक बेरीज देऊन भागत नाही. दर पंधरा मिनिटांची मूळ नोंद, शेजारच्या तीन-चार केंद्रांच्या त्या काळातल्या नोंदी, पर्जन्यमापक शेवटचा कधी साफ केला आणि कधी प्रमाणित केला त्याच्या तारखा हे सगळे त्याला फोनवर, मराठीत आणि अर्ज न करता मिळाले पाहिजे. विमा कंपनी ज्या माहितीवर दावा नाकारते, तीच माहिती त्याच दिवशी दावेदाराच्या हातात असणे, हा साधा न्याय आहे. तसे झाले तर प्रामाणिक नकारही पटेल आणि चुकीचा नकार लवकर उघडा पडेल. दोन्हींमुळे योजनेवरचा विश्वास वाढेल.

खुलेपणाला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, कच्चे आकडे बाहेर गेले तर गैरसमज पसरतील. नागपूरने तो खरा ठरवला असे वाटते. पण तिथे उणीव खुणेची होती, आणि आकडे दडवल्याने ती भरून येत नाही. उलट, पुराच्या रात्री तपासणी पूर्ण होईपर्यंत आकडा रोखून धरला तर त्याचा उपयोग संपतो. दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. माहिती विकून काही पैसा येतो हे खरे. पण केंद्रे लोकांच्या पैशातून उभी राहतात. विशेष सेवा, सल्ला आणि खास मागणीनुसार केलेले विश्लेषण यांवर शुल्क घ्यावे. मूळ नोंदीवर घेऊ नये.

बदल करताना

पद्धत बदलण्याचेही शास्त्र आहे. बफरकडे जाताना जगाने त्याचा अनुभव घेतला. संक्रमणाच्या वर्षांत जुने आणि नवे संदेश सोबत चालत राहिले, आणि सुरुवातीच्या नव्या संदेशांत केंद्रांची चुकलेली स्थाने व उंची आढळल्या. दोन्ही रूपे शेजारी होती म्हणून त्या चुका सापडल्या. जुनी पद्धत एका रात्रीत बंद करू नये, हा त्यातला धडा आहे.

धरणाच्या विसर्गाचे गणित, कृषी विद्यापीठाचा सल्ला आणि महापालिकेचा इशारा यांच्या संगणक प्रणाली ठरावीक पत्त्यावरून, ठरावीक रकान्यातून आकडा उचलतात. न सांगता रकाना सरकला, तर प्रणाली बंद पडेल किंवा आर्द्रतेचा आकडा पाऊस म्हणून वाचेल. दुसरे अधिक घातक, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून जुनी आणि नवी प्रसिद्धी किमान एक पूर्ण पावसाळा समांतर चालावी. एप्रिलमध्ये घेतलेली चाचणी पुरेशी नाही. कोरड्या महिन्यांत सगळीकडे शून्यच असते, आणि पावसाच्या रकान्यातली चूक शून्यात दिसत नाही. प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक आणि आगाऊ सूचना असावी.

आधार बदलतानाही तेच. २०२२ मध्ये हवामान विभागाने देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९६१-२०१० ऐवजी १९७१-२०२० या काळावर आणली आणि ती ८८ वरून ८७ सेंटिमीटर झाली. बदल रीतसर जाहीर झाला. तरी ‘सरासरीच्या ९५ टक्के’ असे लिहिताना कोणती सरासरी, हे सोबत लिहिले नाही, तर दोन वर्षांची तुलना फसते.

आधी काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यातून नवी रडार आणि उपकरणे येतील, आणि ती हवीच आहेत. पण राज्यातल्या सर्व केंद्रांची एक सामायिक यादी, प्रत्येकाला कायम क्रमांक, प्रत्येक नोंदीसोबत काळ, एकक व गुणवत्तेची खूण, आणि दुरुस्त्यांची उघड नोंद ही चार कामे नव्या उपकरणांची वाट पाहत थांबायला नकोत. त्यांना पैसा थोडा लागतो. शिस्त आणि विभागाविभागांतले सहकार्य मात्र बरेच लागते. सुरुवात महसूल मंडळांच्या केंद्रांपासून व्हावी, कारण तिथल्या आकड्यावर शेतकऱ्याची भरपाई ठरते आणि चुकीची किंमत त्यालाच मोजावी लागते. ग्रामपंचायतींची नवी केंद्रे पहिल्या दिवसापासून याच रीतीने प्रसिद्ध झाली, तर पुढच्या पिढीला आपल्या गावाच्या पावसाची अखंड आणि तपासता येईल अशी नोंद मिळेल. जुन्या मालिका नंतर दुरुस्त करण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. नव्या केंद्रांची सुरुवात नीट करणे आपल्या हातात आहे, आणि त्याची वेळ आत्ता आहे.